मोजणी आणि मुलाखत: ग्रामीण भारताच्या अभ्यासातला लांबलेला संवाद

सामाजिक संशोधनात संख्यात्मक आणि गुणात्मक पद्धतींची सांगड घालावी का, घालायची तर कशी, यावर गेल्या पन्नास वर्षांत भरपूर लिहिले गेले आहे. त्यातले बरेचसे लेखन इतके अमूर्त आहे की प्रत्यक्ष गावात जाऊन काम करणाऱ्याच्या हाती त्यातून थोडेच लागते. भारतात मात्र हा वाद एका अगदी ठोस प्रश्नाच्या पोटातून वर आला. खेड्यातल्या माणसाचे बरे चालले आहे की वाईट, हे ओळखायचे कसे? हजारो घरांत प्रश्नावली नेऊन खर्च मोजायचा, की एकाच गावात वर्ष-दीड वर्ष राहून तिथले जगणे समजून घ्यायचे? अर्थशास्त्रज्ञांनी पहिली वाट धरली, मानवशास्त्रज्ञांनी दुसरी. या वाटा कुठे मिळाल्या, कुठे फाटल्या आणि आज वाद कुठवर आला आहे, याचा हा आढावा आहे.

दोन्ही पद्धती एकत्र वापरायला आज फारसा कोणाचा विरोध उरलेला नाही. त्यामुळे मला महत्त्वाचा वाटतो तो पुढचा प्रश्न: दोन पद्धतींनी एकमेकींना छेद देणारी उत्तरे दिली, तर संशोधक काय करतो? या लेखातला सगळा इतिहास मी या प्रश्नाच्या अंगाने वाचला आहे.

फाटा फुटण्याआधी

पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी सहकाऱ्यांसह पुण्याजवळच्या पिंपळे सौदागर गावाची पाहणी केली आणि १९१७ मध्ये ती ‘लँड अँड लेबर इन अ डेक्कन व्हिलेज’ या नावाने प्रसिद्ध केली. आज हे गाव पिंपरी-चिंचवडमध्ये सामावून गेले आहे. मॅन मूळचे रसायनशास्त्रज्ञ, त्यामुळे पाहणीत माती आणि पाण्याचा निचरा आहे. पण जमिनीचे तुकडे, पिके, कर्ज आणि घरोघरचा जमाखर्चही आहे. १७७१ मध्ये या गावात सरासरी धारणक्षेत्र सुमारे ४० एकर होते, ते १९१४-१५ मध्ये ७ एकरांवर आले, हा त्यांचा निष्कर्ष पुढे अनेक दशके उद्धृत होत राहिला. दुसरे गाव त्यांनी मुद्दाम शहराच्या प्रभावापासून दूरचे, कोरडवाहू निवडले: जातेगाव बुद्रुक. ना. वि. कानिटकरांसोबतचा तो अभ्यास १९२१ मध्ये आला.

मॅन यांच्या पुस्तकात ‘पद्धती’वर स्वतंत्र चर्चा शोधू नये. एकाच चमूने गाव पाहिले, मोजले, लोकांना विचारले आणि लिहिले. १९३० मध्ये स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी पाहणीची परंपरा शिस्तबद्ध केली. पुणे शहराची त्यांची सामाजिक-आर्थिक पाहणी १९४५ आणि १९५२ अशा दोन भागांत छापली गेली. डेक्कन कॉलेजात इरावती कर्वे एकीकडे शरीरमापनाचे आकडे घेत होत्या आणि दुसरीकडे नातेसंबंधांचा शोध घेत होत्या. कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची त्यांनी जाई निंबकर यांच्यासह केलेली पाहणी १९६९ मध्ये प्रसिद्ध झाली. यांपैकी कोणालाही आपण दोन पद्धती ‘एकत्र’ करतो आहोत असे म्हणावेसे वाटले नाही, कारण त्या वेगळ्या झालेल्याच नव्हत्या.

दोन सवयी

त्या वेगळ्या झाल्या स्वातंत्र्यानंतर. प्रशांतचंद्र महालनोबिसांच्या पुढाकाराने १९५० मध्ये राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली आणि देशभरातली घरे यादृच्छिक पद्धतीने निवडून त्यांचा खर्च विचारला जाऊ लागला. एवढ्या मोठ्या आणि गरीब देशात असा उपक्रम नियमित चालावा, ही जगभर नावाजली गेलेली कामगिरी होती. त्याच आकड्यांच्या आधारे वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला: दिवसाला २२५० उष्मांक हा निकष धरला, तर १९६०-६१ मध्ये ग्रामीण भागात सुमारे ४० टक्के आणि शहरांत सुमारे ५० टक्के लोक त्याखाली होते. एका गावात दहा वर्षे राहूनही हे विधान कोणाला करता आले नसते. मोजणीची बाजू मांडताना हे आधी सांगायला हवे.

पण या आकड्यांच्या मुळाशीसुद्धा उंबऱ्यावर झालेले एक बोलणे असते. तांदूळ किती लागला, हे गेल्या सात दिवसांचे विचारायचे की तीस दिवसांचे? पन्नाशीच्या दशकातच यावर प्रयोग झाले आणि तीस दिवसांचा काळ ठरला. पुढे १९९९-२००० च्या ५५व्या फेरीत अन्नावरच्या खर्चासाठी दोन्ही कालावधी एकाच प्रश्नावलीत शेजारी शेजारी विचारले गेले. उत्तर देणारा माणूस दोन्ही उत्तरे एकमेकांशी जुळवून घेतो, हे कोणाही क्षेत्रकार्य केलेल्या माणसाला ठाऊक असते. त्या फेरीनंतर अधिकृत दारिद्र्याचे प्रमाण १९९३-९४ च्या ३६ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आले आणि ही घट खरी किती, प्रश्नाच्या रचनेतून आलेली किती, यावर मोठा वाद झाला. अँगस डीटन आणि व्हॅलेरी कोझेल यांनी २००५ मध्ये संपादित केलेला ‘द ग्रेट इंडियन पॉव्हर्टी डिबेट’ हा ग्रंथ त्याचीच नोंद आहे.

दुसरी सवय मानवशास्त्राने लावली. म्हैसूरजवळच्या एका गावात एम. एन. श्रीनिवास १९४८ मध्ये राहिले. पुस्तकात त्यांनी त्याला रामपुरा असे नाव दिले. ग्रंथांतून दिसणारा समाज आणि शिवारात दिसणारा समाज यांत किती अंतर आहे, हे त्यांनी दाखवून दिले. ‘प्रबळ जात’ ही संकल्पना कुठल्याही प्रश्नावलीतून निघाली नसती. ती निघाली भांडणे, निवाडे आणि देणीघेणी जवळून पाहण्यातून. १९७० मध्ये अमेरिकेत लागलेल्या आगीत त्यांच्या नोंदी जळाल्या आणि ‘द रिमेम्बर्ड व्हिलेज’ हे पुस्तक त्यांनी मोठ्या अंशी स्मरणातून लिहिले. १९७६ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्याने गुणात्मक पद्धतीचे बळ दाखवले, पण एक अवघड प्रश्नही पुढे ठेवला. एका माणसाच्या स्मरणावर उभ्या असलेल्या वर्णनाची दुसऱ्याने पडताळणी कशी करायची?

प्रतिमानांचा झगडा

याच काळात युरोप-अमेरिकेत हा वाद तत्त्वज्ञानाच्या भाषेत लढला जात होता. तिथेही सुरुवातीला फाटा नव्हता. ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल गावातली गिरणी बंद पडल्यावर मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल यांनी तिथल्या ४७८ कुटुंबांचा अभ्यास केला. तो १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी लोकांकडून दिवसाचे वेळापत्रक लिहून घेतले, वाचनालयातून किती पुस्तके नेली जातात ते तपासले, रस्त्यावरून चालणाऱ्यांचा वेग घड्याळ लावून मोजला. बेकारीमुळे वेळच वेळ होता, तरीही वाचन घटले होते. कामगार चळवळीच्या अपेक्षेला हा आकडा धक्का देणारा होता. त्याचा अर्थ लागला तो लोकांच्या घरी बसून झालेल्या बोलण्यातून.

पुढे डोनाल्ड कॅम्पबेल आणि डोनाल्ड फिस्क यांनी १९५९ मध्ये मानसशास्त्रात एकच गुण अनेक मापांनी मोजण्याचा आग्रह धरला आणि नॉर्मन डेन्झिन यांनी १९७० मध्ये हाच विचार ‘ट्रँगुलेशन’ म्हणून समाजशास्त्रात रुजवला. वेगवेगळ्या पद्धती एकाच निष्कर्षावर आल्या तर त्यावरचा विश्वास वाढतो, असे त्यामागचे गृहीतक होते.

ऐंशीच्या दशकात इगॉन गुबा आणि इव्होना लिंकन यांनी याच गृहीतकावर बोट ठेवले. संख्यात्मक संशोधन बाहेर एक निश्चित वास्तव आहे असे मानते. गुणात्मक संशोधन वास्तव माणसांच्या अर्थ लावण्यातून घडते असे मानते. ही दोन प्रतिमाने परस्परविरोधी असतील, तर त्यांची उत्तरे जुळली काय आणि न जुळली काय, त्यातून सिद्ध काय होणार? हा आक्षेप आजही हलका नाही. त्याला १९८८ मध्ये केनेथ हाउ यांनी व्यवहारवादी उत्तर दिले: संशोधक प्रत्यक्षात तत्त्वज्ञानावरून पद्धत ठरवत नाहीत, प्रश्नावरून ठरवतात, आणि त्यात तर्काचा दोष नाही. पुढच्याच वर्षी जेनिफर ग्रीन आणि सहकाऱ्यांनी पद्धती एकत्र करण्याचे पाच हेतू मांडले. त्यांतला एक हेतू जाणीवपूर्वक विसंगती शोधण्याचा, तिच्यातून नवा प्रश्न उभा करण्याचा होता. पाचांतला हाच सर्वांत कमी वापरला गेला आहे, असे वाचताना सतत जाणवते.

२००७ मध्ये मिश्र पद्धतींना वाहिलेले स्वतंत्र नियतकालिक निघाले, पाठ्यपुस्तके आली, आराखड्यांचे प्रकार ठरले. तेव्हापासून व्यवहारवाद हीच या क्षेत्राची जवळपास अधिकृत भूमिका झाली आहे. अॅलन ब्रायमन यांनी मात्र २००६ मध्ये अशा २३२ लेखांची छाननी केली, तेव्हा लेखकांनी सांगितलेला हेतू आणि प्रत्यक्षातला वापर यांत बरीच तफावत आढळली. दुसरी टीका लिन गिडिंग्ज यांची. मिश्र पद्धतीच्या नावाखाली जुना प्रत्यक्षार्थवादच नवे कपडे घालून येतो, मुलाखतींना आकड्यांची शोभा वाढवण्यापुरते स्थान मिळते, असे त्यांनी त्याच वर्षी लिहिले. राज्यशास्त्रात वादाने वेगळे वळण घेतले. गॅरी किंग, रॉबर्ट कोहेन आणि सिडनी व्हर्बा यांनी १९९४ मध्ये दोन्ही प्रकारच्या संशोधनामागचा तर्क एकच आहे असे प्रतिपादन केले. गॅरी गर्ट्झ आणि जेम्स महोनी यांनी २०१२ मध्ये या दोन वेगळ्या संस्कृती आहेत असे सांगून त्याला उत्तर दिले.

बंगळूर, आणि जोधांची दोन गावे

भारतातला वाद यापेक्षा जमिनीवरचा राहिला. १९८५ मध्ये बंगळूरला अर्थशास्त्रज्ञ आणि मानवशास्त्रज्ञ एकत्र बसले. त्या चर्चेतून प्रणव बर्धन यांनी संपादित केलेला ‘कॉन्व्हर्सेशन्स बिटवीन इकॉनॉमिस्ट्स अँड अँथ्रॉपॉलॉजिस्ट्स’ हा ग्रंथ १९८९ मध्ये आला. ग्रामीण भागातला आर्थिक बदल मोजायचा कसा, हा त्याचा विषय. मोठ्या पाहणीला काय दिसत नाही आणि छोट्या अभ्यासाला काय सांगता येत नाही, हे दोन्ही बाजूंनी मोकळेपणाने मांडलेले तिथे वाचायला मिळते.

पाहणीला काय दिसत नाही, याचे एक उदाहरण महाराष्ट्राला जवळचे आहे. यान ब्रेमन यांनी सत्तरच्या दशकात बारडोलीच्या साखर कारखान्यांसाठी ऊस तोडायला खानदेशातून येणाऱ्या मजुरांवर लिहिले. घर हा ज्या पाहणीचा पाया आहे, तिच्या यादीत वर्षातले कित्येक महिने कोपीत राहणारे कुटुंब येणार कुठे? गावातल्या घराला कुलूप, आणि कामाच्या ठिकाणी घर नाही.

याच सुमारास, १९८८ मध्ये, एन. एस. जोधा यांचा एक लेख ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मध्ये प्रसिद्ध झाला. माझ्या मते या विषयावर भारतात झालेले हे सर्वांत महत्त्वाचे लेखन आहे. जोधा अर्थशास्त्रज्ञ. राजस्थानातल्या दोन गावांत त्यांनी साठच्या दशकाच्या मध्यावर पाहणी केली होती आणि सुमारे वीस वर्षांनी ते त्याच गावांत परत गेले. ज्या कुटुंबांचे दरडोई वास्तव उत्पन्न पाच टक्क्यांहून जास्त घटले होते, ती त्यांनी वेगळी काढली. रूढ मोजणीनुसार ही कुटुंबे अधिक गरीब झाली होती. तुमचे चांगले चालले आहे की नाही हे तुम्ही कशावरून ओळखता, असे त्यांनी लोकांनाच विचारले, त्या उत्तरांतून ३८ निदर्शक निश्चित केले आणि तेही मोजले. ३८ पैकी ३७ बाबतींत हीच कुटुंबे आधीपेक्षा बऱ्या स्थितीत होती. आता मालकाच्या जमिनीवर किंवा आवारात राहावे लागत नव्हते, कामासाठी आणि धान्यासाठी एकाच धनिकापुढे हात पसरावा लागत नव्हता, पायात नियमित पादत्राण होते.

या विसंगतीचे अर्थ अनेकांनी अनेक प्रकारे लावले, आणि त्यांत तथ्य आहे. उत्पन्नाची तुलना दोनच टोकांच्या काळाची होती. कोरडवाहू मुलखात एका वर्षाचे उत्पन्न पावसावर हेलकावे खाते. बाहेरगावची कमाई नीट पकडली गेली नसेल. निदर्शक लोकांनी सुचवले असले तरी यादी संशोधकाने केली. याउलट, उत्पन्न हेच कल्याणाचे माप धरणेच अपुरे आहे आणि परावलंबन संपणे हा स्वतंत्र लाभ आहे, असा अर्थही काढता येतो. सामाईक कुरणे आणि ओढे-नाल्यांची जमीन कमी होत गेल्याने गरिबांचे काय गेले, हे स्वतः जोधांनीच इतरत्र दाखवले होते, त्यामुळे त्यांच्यावर भाबड्या आशावादाचा आरोप होऊ शकत नाही. मला महत्त्वाचे वाटते ते त्यांचे धैर्य. स्वतःचेच आकडे आणि स्वतःच ऐकलेले बोल जुळत नाहीत, हे त्यांनी लेखाच्या मध्यभागी ठेवले. तळटीपेत ढकलले नाही.

मुक्कामी राहून केलेली मोजणी

दोन वाटा मिळण्याचा एक मार्ग अगदी साधा निघाला: मोजणाऱ्यानेच गावात राहायचे. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट या संशोधन संस्थेने १९७५ मध्ये सहा गावांत असा अभ्यास सुरू केला. महबूबनगर जिल्ह्यातली औरेपल्ली आणि डोकूर, सोलापूर जिल्ह्यातली शिरापूर आणि कळमण, अकोला जिल्ह्यातली कानझरा आणि किनखेडा. प्रत्येक गावात ४० कुटुंबे: दहा भूमिहीन मजुरांची, बाकी लहान, मध्यम आणि मोठ्या शेतकऱ्यांची. गावाची भाषा बोलणारा, शेतीचे शिक्षण घेतलेला अन्वेषक गावातच राहायचा आणि दर तीन-चार आठवड्यांनी प्रत्येक घरी जायचा. दहा वर्षे हे चालले, आणि २००१ पासून पुन्हा सुरू झाले. याच गावांत हान्स बिन्स्वांगर यांनी खरे पैसे लावून जोखीम घेण्याच्या वृत्तीचे प्रयोग केले, तेही जगभर गाजले.

या आकड्यांचे पुढे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. रॉबर्ट टाउनसेंड यांनी औरेपल्ली, शिरापूर आणि कानझरा या तीन गावांच्या नोंदींवरून १९९४ मध्ये दाखवले की कुटुंबाचा खर्च त्याच्या स्वतःच्या उत्पन्नापेक्षा गावाच्या सरासरी खर्चाबरोबर वरखाली होतो. म्हणजे एकमेकांना सांभाळून घेण्याची काही व्यवस्था गावात आहे. तीनपैकी एका गावात भूमिहीनांना मात्र हे संरक्षण कमी मिळत होते. मार्टिन रॅव्हॅलियन आणि शुभम चौधुरी यांनी १९९७ मध्ये आक्षेप घेतला: खर्च कसा मोजला यावरच हा निष्कर्ष बराचसा अवलंबून आहे. म्हणजे जगातल्या अग्रगण्य नियतकालिकातला वाद अखेरीस शिरापूर-कानझऱ्याच्या घरात धान्याचा साठा कसा लिहून घेतला, या प्रश्नावर येऊन ठेपला.

उत्तर प्रदेशातल्या मुरादाबाद जिल्ह्यातल्या पालनपूरची कथा अशीच लांब आहे. १९५७-५८ पासून प्रत्येक दशकात तिथे पाहणी झाली. १९८३-८४ मध्ये ज्याँ द्रेझ आणि नरेश शर्मा गावात वर्षाहून अधिक काळ राहिले. त्यांनी सगळ्या घरांच्या उत्पन्नाचे आकडे तर जमवलेच, शिवाय राहून झालेल्या ओळखीवरून प्रत्येक घर किती सुस्थितीत आहे याची स्वतंत्र प्रतवारी केली. पीटर लाँजू आणि निकोलस स्टर्न यांनी १९९१ मध्ये या दोन याद्या शेजारी ठेवल्या. एका वर्षाच्या उत्पन्नावरून गरीब ठरलेली घरे आणि गावात राहून गरीब वाटलेली घरे बऱ्याच ठिकाणी जुळत नव्हती. कोण सतत गरीब आहे हे ओळखायला एका वर्षाचे उत्पन्न हे कच्चे माप आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. इथे निरीक्षणाने आकड्याची परीक्षा घेतली. बहुतेक ठिकाणी उलटे घडते.

आधी कोण, नंतर कोण

मार्च २००१ मध्ये रवी कानबूर यांनी कॉर्नेल विद्यापीठात भरवलेल्या परिषदेला ‘क्यू-स्क्वेअर्ड’ हे नाव पडले आणि दिल्लीच्या पर्मनंट ब्लॅकने २००३ मध्ये त्यातले निबंध ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. गुणात्मक-संख्यात्मक ही एकच रेघ ओढण्याऐवजी माहितीचा प्रकार, लोकसंख्येची व्याप्ती, लोकांचा सहभाग, निष्कर्षाची रीत आणि ज्ञानशाखा असे पाच वेगवेगळे अक्ष पाहावेत, अशी सूचना कानबूर यांनी केली. त्याने बोलण्यात नेमकेपणा आला.

प्रत्यक्ष कामात मात्र क्रम निर्णायक ठरला. विजयेंद्र राव यांनी कर्नाटकातल्या कुंभार समाजात आधी लोकांशी दीर्घ बोलणी केली आणि त्यातून कळलेल्या गोष्टींवर प्रश्नावली बेतली. पत्नीला होणाऱ्या मारहाणीवरच्या त्यांच्या १९९७ मधल्या लेखात नवऱ्याचे दारूचे व्यसन, अपुरा मानला गेलेला हुंडा, पत्नीची नसबंदी आणि हयात मुलग्यांची संख्या यांचा संबंध अर्थमितीने तपासला आहे. नसबंदीचा मुद्दा बायकांशी बोलल्याशिवाय प्रश्नावलीत आला असता, असे मला वाटत नाही.

अनिरुद्ध कृष्ण यांनी २००२ च्या सुमारास राजस्थानातल्या ३५ गावांत वेगळी युक्ती केली. गावकऱ्यांना एकत्र बसवून, गरीब घरात थोडे पैसे आले की आधी काय होते आणि मग काय, याच्या पायऱ्या ठरवून घेतल्या. मग प्रत्येक घर २५ वर्षांपूर्वी कुठल्या पायरीवर होते आणि आज कुठे आहे, याची नोंद केली. दारिद्र्यातून बाहेर पडण्याची कारणे आणि दारिद्र्यात पडण्याची कारणे वेगळी असतात आणि पडण्यामागे आजारपण व त्याचा खर्च वारंवार असतो, हा त्यांचा निष्कर्ष. ‘वन इलनेस अवे’ या २०१० मधल्या पुस्तकात तो इतर देशांतल्या कामासह आला आहे. आक्षेप उघड आहे: २५ वर्षांपूर्वीची आठवण गावाने मिळून सांगितली तरी ती आठवणच, आणि चावडीवर कोण बोलतो, कोण गप्प बसतो, हा प्रश्न राहतोच. रॉबर्ट चेंबर्स यांनी पुढे आणलेल्या सहभागी पद्धतींवरही हाच आक्षेप सतत घेतला गेला.

प्रयोगाच्या आत निरीक्षक

२०१९ मध्ये अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना नोबेल मिळाले आणि यादृच्छिक नियंत्रित चाचण्यांचा मार्ग प्रस्थापित झाला. त्याआधीच, २०१० मध्ये, डीटन यांनी विचारले होते की एखादी योजना सरासरीने चालली हे कळले तरी ती का आणि कोणासाठी चालली हे कसे कळणार? या प्रश्नाचे सर्वांत प्रामाणिक उत्तर मला राव, क्रिपा अनंतपूर आणि कबीर मलिक यांच्या २०१७ मधल्या अभ्यासात दिसते. कर्नाटकात ग्रामपंचायतींत लोकसहभाग वाढवण्याचा एक कार्यक्रम यादृच्छिक पद्धतीने काही पंचायतींत राबवला गेला. पाहणीच्या आकड्यांत परिणाम दिसला नाही. ज्या गावांत कार्यक्रम नव्हता तिथेही तेवढीच सुधारणा झाली होती. पण निवडलेल्या दहा टक्के गावांत निरीक्षक चार वर्षे येत-जात होते. कार्यकर्त्यांच्या कामाचा दर्जा एकसारखा नव्हता, वरून पाठबळ नव्हते आणि जुनी विषमता कार्यक्रमाला पुरून उरली, हे त्यांच्या नोंदींतून कळले. ‘परिणाम नाही’ या दोन शब्दांच्या आत इतके सगळे होते.

असे अभ्यास मोजकेच का आहेत, याचे कारण खर्चात आहे. चार वर्षे निरीक्षक ठेवणारा निधी कमी संस्थांकडे असतो, आणि निरीक्षक व अर्थमितीतज्ज्ञ एकमेकांची भाषा शिकायला तयार असावे लागतात.

न सुटलेले

शेतकरी आत्महत्यांच्या अभ्यासात बहुतेक अनिर्णित प्रश्न एकत्र येतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या प्रकरणात टाटा समाजविज्ञान संस्थेने २००५ मध्ये अहवाल दिला. इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेत श्रीजित मिश्रा यांनी २००६ मध्ये वर्धा, वाशीम आणि यवतमाळमध्ये आत्महत्या झालेल्या घरांबरोबर तुलनेसाठी इतर घरेही घेतली. महाराष्ट्रातल्या पुरुष शेतकऱ्यांचा आत्महत्येचा दर १९९५ मध्ये लाखामागे १५ होता, तो २००४ मध्ये ५७ झाला, असा त्यांचा हिशेब होता. कर्जबाजारीपण हा त्यांना सर्वाधिक आढळलेला घटक. ए. आर. वसवी यांनी २०१२ मधल्या पुस्तकात खेड्यातल्या एकाकी पडलेल्या शेतकऱ्याचा सामाजिक अर्थ लावला.

पण मोजायचे कोणाला? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने २०१४ मध्ये शेतकरी आणि शेतमजूर यांची वेगळी वर्गवारी केली. त्या वर्षी ५,६५० शेतकरी आणि ६,७१० शेतमजूर अशी नोंद झाली. आधीच्या वर्षी जुन्या वर्गवारीत ११,७७२ होते. शेतकऱ्यांची संख्या निम्म्यावर आली असे त्यातून म्हणता येत नाही. जिच्या नावावर सातबारा नाही अशी शेतात राबणारी बाई कुठल्या रकान्यात जाते, हा आणखी वेगळा प्रश्न. दुसरीकडे मुलाखतही निर्मळ नसते. मदतीसाठी प्रकरण पात्र की अपात्र ठरायचे असताना, घरातले माणूस गमावलेल्या कुटुंबाने कारण काय सांगावे, हे त्या निर्णयाच्या सावलीतच ठरते. इथे आकडा आणि कथन दोन्ही एकाच सरकारी व्यवस्थेतून घडलेले आहेत, त्यामुळे एकाने दुसऱ्याची साक्ष काढण्याला मर्यादा येते. ‘ट्रँगुलेशन’चे मूळ गृहीतक असे होते की दोन्ही साक्षीदार एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. या प्रकरणात ते कितपत लागू पडते, याची नीट चर्चा अजून व्हायची आहे.

गुबा आणि लिंकन यांचा आक्षेपही खोडला गेलेला नाही. व्यवहारवादाने त्याला वळसा घातला एवढेच. पालनपूरसारख्या कामात त्याची अडचण येत नाही, कारण तिथे प्रतवारी आणि उत्पन्न ही दोन्ही एकाच गोष्टीची मापे मानता येतात. जोधांच्या गावांत मात्र ती येते. मालकाच्या दाराशी जावे न लागणे आणि दरडोई उत्पन्न, या एकाच कल्याणाच्या दोन बाजू आहेत की दोन वेगळ्या गोष्टी, हे आणखी आकडे जमवून ठरणार नाही.

शेवटचा प्रश्न पडताळणीचा आहे, आणि तो मला सर्वांत निकडीचा वाटतो. इक्रिसॅटच्या सहा गावांच्या नोंदी इतर संशोधकांना मिळाल्या, म्हणूनच टाउनसेंड यांचा लेख झाला आणि त्यावरचा आक्षेपही झाला. अर्थशास्त्राची अनेक नियतकालिके आता लेखाबरोबर मूळ आकडे मागतात. गावात राहून लिहिलेल्या वह्यांबाबत अशी रीत नाही, आणि ती सरळ उचलून आणताही येणार नाही. त्या वह्यांत माणसांची नावे आहेत, भांडणे आहेत, विश्वासाने सांगितलेल्या गोष्टी आहेत. चाळीस घरांच्या गावात नाव खोडले तरी माणूस ओळखू येतो. अशा नोंदी किती वर्षांनी, कोणाच्या परवानगीने आणि कुठल्या अटींवर खुल्या कराव्यात, त्या ज्यांच्याविषयी आहेत त्या गावकऱ्यांना त्यात काय म्हणण्याचा अधिकार असावा, याचे नियम आपल्या विद्यापीठांनी आणि निधी देणाऱ्या संस्थांनी अजून ठरवलेले नाहीत. तोवर मिश्र पद्धतीच्या अभ्यासाचा एक अर्धा भाग दुसऱ्या कोणालाही तपासता येणार नाही.